रात्री तीनची जाग आणि दिवसभराची चिडचिड

प्रश्न : माझं वय ५३. नोकरी चालू आहे, तब्येत तशी बरी. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, मुलगा शिकायला बाहेर आहे. घरात आता आम्ही दोघंच. पाळी बंद होऊन दीड वर्ष झालं. गेले सात-आठ महिने रात्री तीनच्या सुमाराला जाग येते ती येतेच. मग आईचं डोळ्याचं ऑपरेशन, मुलाची फी, अर्धवट राहिलेली कागदपत्रं, ऑफिसात कुणी बोललेलं एखादं वाक्य, सगळं डोक्यात फिरत राहतं. झोप पुरत नाही म्हणून साडेनऊलाच अंथरुणावर पडते, तरी उपयोग नाही. दिवसभर चिडचिड होते. आई दिवसातून सहा-सात वेळा फोन करते, तिच्यावर ओरडते आणि मग वाईट वाटत राहतं. नवऱ्याला काही सांगितलं तर तो निम्मं ऐकतच नाही. शांत व्हायचं म्हणून पहाटे पाचला उठून ध्यान, व्यायाम, डायरी असं सगळं सुरू केलं, पण दरवेळी दहा-बारा दिवसांत बंद पडलं. तसं पाहिलं तर रडण्यासारखं काही नाही. मग मन स्वस्थ का नाही? – एक वाचक

उत्तर :

तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सगळ्यांना एकदम हात घालू नका. आधी रात्र सुधारू. महिनोन्महिने झोप तुटत असेल तर कितीही समजूतदार माणूस चिडतो, छोटी अडचण मोठी वाटते, निर्णय पुढे ढकलले जातात आणि ढकललेले निर्णय पुन्हा रात्री उठवतात. तुम्ही मनाच्या मागे लागला आहात. मला तुमचं मन ठिकाणावर दिसतं, फक्त फार थकलेलं. म्हणून पुढचे सहा आठवडे ‘शांत व्हायचं’ हे काम यादीतून काढून टाका.

सुरुवात डॉक्टरांपासून करा, कारण पन्नाशीनंतरच्या अस्वस्थतेमागे बरेचदा शरीराची साधी कारणं असतात आणि ती रक्त तपासल्याशिवाय कळत नाहीत. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ एवढं तपासून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, चिडचिड आणि झोपमोड होते. कमी काम करत असेल तर मरगळ येते. बी-१२ कमी असेल तर थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात आणि मनही उदास होतं. सध्या चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्या. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्री उठावं लागणारच, आणि स्टेरॉइडची गोळी उशिरा घेतली तर झोप लागत नाही. गोळीची वेळ बदलून भागतं का, हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बदलू नका. तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का, हे नवऱ्याला विचारा. पाळी गेल्यावर स्त्रियांमध्ये झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण वाढतं. सकाळी उठताना डोकं जड असणं आणि तोंड कोरडं पडणं ही त्याची लक्षणं असू शकतात.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. म्हणजे तुम्ही तो टप्पा ओलांडला आहे. पण अंगातून वाफा येणं, रात्री घामाने जाग येणं हे त्यानंतरही काही वर्षं चालू राहू शकतं. तीनला जाग येते तेव्हा मान, छाती किंवा पाठ ओली असते का, हे चार-पाच रात्री लक्षात ठेवा. असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी नीट बोला. त्यावर हार्मोनचे आणि हार्मोनशिवायचेही उपचार आहेत. कुणाला काय चालेल हे स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, यकृत, हृदय यांचा पूर्वेतिहास बघून ठरतं. ‘या वयात असं होणारच’ म्हणत वर्षानुवर्षं सोसत बसायची गरज नाही. तोवर एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ सुती पांघरुणं घ्या म्हणजे एक झटकन काढता येईल, आणि उशीजवळ कोरडा गाउन ठेवा. आणखी एक गोष्ट : आता पुन्हा थोडासा जरी रक्तस्राव दिसला तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या. बहुतेकदा कारण किरकोळ निघतं, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

आता तीनच्या जागेबद्दल. गाढ झोप प्रामुख्याने रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात होते. उत्तररात्रीची झोप मुळातच हलकी आणि स्वप्नांची असते. वय वाढतं तशी गाढ झोप आणखी कमी होते. त्यातून पहाटेकडे शरीर उठायची तयारी करू लागतं, कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढायला लागतं. तीनला जाग येण्यात बिघाड असा काही नाही. रात्रीतून काही वेळा सगळ्यांनाच जाग येते, फक्त कूस बदलून पुन्हा झोप लागली की सकाळी ते आठवत नाही. तुमची अडचण पुढची आहे : जाग आल्यावर झोप परत लागत नाही. आणि त्याला साडेनऊला पडण्याची सवय बरीच कारणीभूत आहे.

हिशेब करू. साडेनऊला पडलात आणि सहाला उठलात तर साडेआठ तास अंथरुणात जातात. झोप मात्र मोडून मोडून सहाएक तास होत असेल. उरलेले अडीच तास तुम्ही रोज अंथरुणात जागेपणी, काळजी करत काढता. महिनोन्महिने असं झालं की अंथरूण ही काळजी करायची जागा होऊन बसते. दिवाणखान्यात पेंगणारी माणसं गादीवर पडताच टक्क जागी होतात ती याच कारणाने. लवकर पडून झोप ‘भरून’ निघत नाही. असेल तेवढीच झोप जास्त तासांवर पसरते आणि मध्ये भोकं पडतात.

यावरची पद्धत जुनी आणि तपासलेली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुटझिन यांनी १९७२मध्ये अंथरूण आणि जागेपण यांची सांगड तोडण्याचे नियम मांडले. अंथरुणातला वेळच आखडता घेण्याची पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७मध्ये मांडली. हे दोन्ही आज निद्रानाशाच्या वर्तनोपचारात एकत्र वापरतात, आणि जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हा उपचार द्यावा अशी अमेरिकी फिजिशियनांच्या संघटनेची २०१६ची शिफारस आहे. रात्री सलग काही वेळ खुर्चीत बसता येण्याइतकी तब्येत असेल तर त्यातला मुख्य भाग घरी करता येतो.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहा : अंथरुणात कधी पडले, साधारण किती वेळात झोप लागली, मध्ये किती वेळा उठले, एकूण किती वेळ जागी होते, शेवटी कधी उठले. सगळं अंदाजाने लिहा. रात्री घड्याळ बघून नोंद करायची नाही, कारण घड्याळ दिसलं की ‘अजून तीनच तास उरले’ हा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबानेच झोप उडते. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. फोन खोलीबाहेर ठेवा. आईसाठी किंवा मुलांसाठी फोन हाताशी हवाच असेल तर आवाज चालू ठेवून तो हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर ठेवा.

आठवड्याअखेर रोजच्या झोपेची सरासरी काढा. समजा ती सहा तास निघाली. तर अंथरुणात घालवायचा वेळ साडेसहा तास ठरवा. उठायची वेळ आधी पक्की करा, कारण ती तुमच्या हातात असते, झोप लागायची वेळ नसते. सहाला उठायचं म्हटलं तर अंथरुणात जायची वेळ येते रात्री साडेअकरा. त्याआधी पडायचं नाही, डोळे मिटत असले तरी. नोंदीत झोप कितीही कमी दिसली तरी अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली आणू नका. त्या साडेसहा तासांतले ८५ टक्के, म्हणजे सुमारे साडेपाच तास, आठवडाभर झोप लागली की वेळ १५ मिनिटांनी वाढवायचा : सव्वाअकराला पडायचं, उठायचं सहालाच. पुढच्या आठवड्यात पुन्हा १५ मिनिटं. असं करत करत दिवसा ताजंतवानं वाटायला लागेल तिथे थांबायचं. बहुतेकांची गाडी सात तासांच्या आसपास येऊन स्थिरावते.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. फिट येत असतील, बायपोलर आजार असेल, झोपेत श्वास अडत असेल किंवा रोज लांबवर गाडी चालवावी लागत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज अंथरुणातला वेळ कमी करू नका. बाकीच्यांनाही पहिले आठ-दहा दिवस जड जातात. दिवसा पेंग येते, डोकं चालत नाही, ‘याने तर आणखीच बिघडलं’ असं वाटतं. बहुतेक जण इथेच सोडून देतात. खरं तर दिवसभर साठलेली ती झोपच रात्र सलग करते. म्हणून सुट्टीच्या दिवशी दोन तास जास्त लोळलात तर आठवड्याची मेहनत वाया जाते. तसंच रात्री नऊला टीव्हीसमोर लागलेली वीस मिनिटांची डुलकीही झोपेची भूक मारते. नऊ ते साडेअकरा हा काळ सगळ्यात कठीण असतो. त्या वेळात उभ्याने करायची हलकी कामं ठेवा : कपड्यांच्या घड्या, उद्याचा डबा-पिशवी, झाडांना पाणी, बहिणीला फोन. दिवसा अगदीच सहन होत नसेल तर दुपारी तीनच्या आत, गजर लावून, २० मिनिटं पडा.

रात्री जाग आली तर काय करायचं, हे दिवसाच ठरवून ठेवा, कारण तीनला डोकं नवं काही ठरवण्याच्या अवस्थेत नसतं. दुसऱ्या खोलीत एक खुर्ची, मंद पिवळा दिवा, अंगावर घ्यायला शाल आणि आधी एकदा वाचलेलं, पुढे काय होणार हे माहीत असलेलं पुस्तक ठेवा. जाग आल्यावर पडून राहा. साधारण १५-२० मिनिटं झाली असं वाटलं, किंवा त्याआधीच चरफड सुरू झाली, तर उठा आणि त्या खुर्चीत जाऊन बसा. डोळे खरोखर मिटायला लागले, एकच ओळ तीनदा वाचली जायला लागली की परत अंथरुणात या. पुन्हा झोप उडाली तर पुन्हा उठा. पहिल्या काही रात्री दोन-तीन फेऱ्या होतील, ते धरूनच चाला. इथे तीन चुका नेहमी होतात. एक, सोफ्यावर आडवं होऊन तिथेच झोपणं. मग शरीर सोफ्याची सवय लावून घेतं. दोन, ‘उठलेच आहे तर’ म्हणून इस्त्री, भांडी किंवा ऑफिसची मेल उरकणं. त्याने तीनला उठण्याचा फायदा दिसू लागतो आणि मेंदू तो वेळ राखून ठेवतो. तीन, मोठा दिवा लावणं.

पहाटे पाचला उठायचा हट्ट मात्र आता सोडून द्या. हे थोडं विचित्र वाटेल, कारण लवकर उठण्याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो. पण संध्याकाळी लवकर पेंगणाऱ्या आणि पहाटेच जागं होणाऱ्या माणसाचं आतलं घड्याळ आधीच पुढे सरकलेलं असतं. वय वाढतं तसं ते सरकतंच. भल्या पहाटेचा उजेड डोळ्यांवर पडला की ते आणखी पुढे जातं. तुम्हाला उजेड संध्याकाळी हवा. फिरायला जायचं तर पाच-साडेपाचच्या सुमाराला, ऊन उतरलेलं पण उजेड भरपूर असताना, अर्धा-पाऊण तास जा. चालण्याचा वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्याला १५० मिनिटं एवढं चालणं हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेलं किमान प्रमाण आहे. सोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करायला सांगितलं आहे, आणि पन्नाशीनंतर बायका नेमका तोच टाळतात. साधनं लागत नाहीत. पाठ भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची घ्या, हात छातीवर ठेवून खुर्चीतून उभं राहायचं आणि सावकाश, धप्पकन नव्हे, खाली बसायचं : ८ ते १२ वेळा. मग भिंतीला हात टेकवून ढकलणं ८ ते १२ वेळा, मग खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं तेवढेच वेळा. दोन मिनिटं थांबून सगळं पुन्हा एकदा. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात, दुखायला नकोत. जोर लावताना श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब वाढतो. उठताना तोंडाने श्वास सोडा.

चहा-कॉफीबद्दल थोडक्यात सांगते. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. चारला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफीन नऊला शरीरात असतंच. शेवटचा कप दुपारी दोनच्या आत घ्या. एकदम बंद करू नका, डोकं दुखेल. तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करा. मद्य घेत असाल तर त्याने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्र मोडते.

आता डोक्यात फिरणाऱ्या कामांकडे येऊ. तुम्ही चार नावं घेतली आहेत : ऑपरेशन, फी, कागदपत्रं आणि ऑफिसातलं वाक्य. पहिली तीन खरी कामं आहेत, चौथी सल आहे, आणि दोन्हींना वेगळी वागणूक हवी. रोज संध्याकाळी एकाच वेळी, झोपायच्या निदान तीन तास आधी, २० मिनिटं कागद घेऊन टेबलाशी बसा. पलंगावर नको. डाव्या बाजूला काळजी लिहा, उजव्या बाजूला तिचं पुढचं एकच पाऊल, दिवस आणि वेळेसह. ‘आईचं ऑपरेशन बघायचं’ असं लिहिलंत तर ते रात्री परत येईल, कारण त्यात करण्यासारखं काही नाही. ‘मंगळवारी अकराला दवाखान्यात फोन, मोतीबिंदूच्या तपासणीची वेळ घेणे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे सांगणे’ असं लिहिलंत तर मेंदू ते सोडून देतो. ज्यावर करता येण्यासारखं काही नाही, त्यासमोर ‘सध्या काही नाही, पुढच्या रविवारी बघू’ असं लिहा. तेही चालतं. २० मिनिटं झाली की कागद मिटा. रात्री तीच काळजी आली तर तिच्याशी वाद घालू नका, ‘कागदावर आहे’ एवढंच म्हणा. पहिल्या आठवड्यात त्याने फारसा फरक पडत नाही. कागदावरची कामं खरंच दिलेल्या वेळी होऊ लागली की मग मनाचा त्या कागदावर विश्वास बसतो. म्हणून सुरुवातीला उजव्या बाजूला अगदी छोटी, हमखास होतील अशी पावलं लिहा.

ऑफिसातल्या वाक्याला पाऊल नसतं. तिथे सलग तीन-चार दिवस, १५-२० मिनिटं, घडलं ते आणि त्याने काय वाटलं ते सगळं न थांबता लिहून काढा आणि कागद फाडून टाका. लिहिल्यावर तास-दोन तास जड वाटतं, म्हणून हे झोपण्यापूर्वी करू नका. लिहून आणखीच खोलात जायला होत असेल तर सोडून द्या आणि कुणाशी तरी बोला.

कागदपत्रांसाठी एक रविवार द्या, आणि तो खरोखर द्या, कारण या वयातल्या रात्रीच्या धास्तीमागे ‘उद्या मला काही झालं तर घरात कुणाला काहीच माहीत नाही’ हा विचार बरेचदा असतो, बोलून दाखवला जात नाही एवढंच. एका कागदावर दोघांची माहिती लिहा : खाती कुठे आहेत, विम्याचे क्रमांक, कर्ज आणि हप्ते, रक्तगट, चालू औषधं आणि मात्रा, ॲलर्जी, डॉक्टरांचे नंबर, मूळ कागद कोणत्या कपाटात आहेत. पासवर्ड त्याच कागदावर नकोत. प्रत्येक खात्याला आणि पॉलिसीला नॉमिनी कोण आहे ते तपासा. जुन्या खात्यांवर अजून आई-वडिलांचीच नावं असतात, लग्नानंतर बदललेलीच नसतात. मृत्युपत्र केलेलं नसेल तर वकिलांना एक फोन, एवढंच आजचं पाऊल. कागदाची एक प्रत मुलीकडे द्या.

आईच्या फोनबद्दल. ती एकटी असते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण दिवसातून सहा-सात फोन बहुधा धास्तीपोटी येतात : लेक फोन उचलेल ना, ही खात्री करण्यासाठी. ती खात्री तुम्ही आधीच दिलीत तर फोन कमी होतात. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात अशा दोन वेळा ठरवा आणि फोन तुम्हीच करा, ठरल्या मिनिटाला. ‘आई, मी सातला करणारच आहे. तोवर पडलीस, दुखलं-खुपलं, तर लगेच कर. बाकीचं सगळं सातला बोलू,’ असं स्पष्ट सांगा. मधल्या फोनवर हीच दोन वाक्यं, शांतपणे, दरवेळी तशीच. सुरुवातीचा आठवडा फोन कमी होण्याऐवजी वाढतील. ती वेळ टिकते का हे आई आजमावत असते. तेव्हा वैतागून एखाद्या फोनवर अर्धा तास बोललात तर ‘सातव्यांदा केला की मिळते’ असं तिला कळतं. मात्र एका गोष्टीकडे लक्ष ठेवा : तासाभरापूर्वी विचारलेलाच प्रश्न ती जणू पहिल्यांदाच विचारते आहे का? ओळखीची नावं, औषधं घेतल्याचं ती विसरते का? तसं असेल तर ओरडून उपयोग नाही, नियम लावूनही नाही. तिची स्मरणशक्ती आणि ऐकू येणं, दोन्ही तपासून घ्या.

ऐकण्यावरून नवऱ्याकडे येते. तो निम्मं ऐकत नाही, यात दुर्लक्ष किती आणि कान किती, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. वय वाढतं तसे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यात स, श, फ यांसारखी व्यंजनं हरवतात. म्हणजे आवाज ऐकू येतो, शब्द स्पष्ट होत नाही. माणूस ‘हं’ म्हणतो आणि पुढे त्याला काही माहीत नसतं. टीव्हीचा आवाज वाढत चाललाय का, नळ चालू असताना किंवा पाठमोरं बोललेलं हुकतं का, हे बघा. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, अर्ध्या-एक तासात होते, त्रास काहीच नाही. दोघांनीही करून घ्या, म्हणजे त्याला आरोप वाटणार नाही. तोवर महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा समोर येऊन, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट बोला. कामावरून आल्या आल्या पहिला अर्धा तास दोघांनीही एकमेकांना एकही काम, तक्रार किंवा हिशेब सांगायचा नाही, एवढा एक करार केलात तर संध्याकाळची बरीच भांडणं होणारच नाहीत.

ध्यानाचं म्हणाल, तर ते बंद पडलं याचं वाईट वाटून घेऊ नका. कमी झोपलेल्या माणसाला पहाटे डोळे मिटून बसवलं तर तो झोपतो किंवा काळज्यांच्या गर्दीत अडकतो. काहींना निःशब्द बसल्यावर जास्तच कासावीस व्हायला होतं. सध्या त्याऐवजी फक्त श्वास घ्या, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं : दुपारी जेवणानंतर तासाभराने आणि ऑफिसातून घरी पोचल्यावर. खुर्चीत बसा, पाय जमिनीवर. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास खोल घ्यायचा नाही, फक्त सावकाश घ्यायचा. यात सर्रास चूक होते. भरभरून श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस घाबरून सोडून देतो. तसं झालं तर श्वास आणखी उथळ आणि हळू करा. दम लागल्यासारखं वाटलं तर तीन आत, चार बाहेर असं करा. श्वास सोडताना खांदे आणि जबडा सैल पडतोय का, तेवढं बघा. आईचा फोन वाजला की उचलण्याआधी असा एक श्वास सोडायची सवय लावा. चिडचिड त्याने नाहीशी होत नाही, पण पहिलं वाक्य बदलतं.

मुलं गेल्यानंतरच्या रिकामपणाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. वीसेक वर्षं घराचा सगळा दिनक्रम त्यांच्याभोवती होता, तो एका वर्षात संपला. त्याचं दुःख होणं अगदी साहजिक आहे, ‘रडण्यासारखं काही नाही’ म्हणून ते दाबू नका. त्यांच्या खोलीत जाऊन रडू आलं तर येऊ द्या. मग आठवड्यातली एक संध्याकाळ अशी ठेवा की जिथे चार ओळखीची माणसं तुमची वाट बघतील : गाण्याचा वर्ग, वाचनालय, काहीही, पण ठरलेल्या वारी आणि घराबाहेर. नवं शिकायलाच हवं असं नाही. सोडून दिलेलं काही पुन्हा धरलंत तर ते टिकायची शक्यता जास्त असते.

काही लक्षणं असतील तर मात्र सहा आठवडे थांबू नका. दोन आठवडे जवळपास रोज मन खिन्न राहिलं, आवडीच्या कशातच रस उरला नाही, भूक किंवा वजन बरंच बदललं, स्वतःबद्दल ‘मी कुणाच्या उपयोगाची नाही’ असं वारंवार वाटू लागलं तर ते नैराश्य असू शकतं. पहाटे खूप लवकर जाग येणं आणि तेव्हाच सगळ्यात उदास वाटणं हेही त्याचं एक लक्षण आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्यावर चांगले उपचार आहेत. जगणं नकोसं झाल्याचा विचार आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला, घरच्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा. एकट्या राहू नका.

बाकी सगळं क्रमाने करा. या आठवड्यात तपासण्या आणि झोपेची नोंद. पुढच्या आठवड्यापासून साडेअकरा ते सहा, संध्याकाळचं चालणं आणि २० मिनिटांचा कागद. आईच्या फोनच्या वेळा तिसऱ्या आठवड्यात ठरवा, कारण नव्या वेळेचा पहिला आठवडा तुमचीच झोप अपुरी असेल आणि तेव्हा तुम्ही ठाम राहू शकणार नाही. ताकदीचा व्यायाम चौथ्या आठवड्यात. सहाव्या आठवड्याच्या शेवटी नोंदवही उघडून बघा. अंथरुणातला वेळ ठरवून पाळूनही आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री तासभर जागं राहावं लागत असेल, तर ती वही घेऊन झोपेच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे किंवा निद्रानाशाचा वर्तनोपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे जा. सहा आठवड्यांची नोंद हाती असेल तर त्यांचं निदान पहिल्याच भेटीत बरंच पुढे जातं. तिथे झोपेच्या गोळीचा विषय निघाला तर ती किती दिवसांसाठी आहे आणि बंद कशी करायची, हे पहिली गोळी घेण्याआधीच विचारून लिहून घ्या.